नको म्हटलेली खुर्ची

त्या बाईंनी घडीची खुर्ची उघडून गवतावर ठेवलीसुद्धा होती. निळ्या कापडाची, हाताशी पाण्याची बाटली अडकवायला जाळी असलेली, जून उजाडला की इथल्या प्रत्येक गाडीच्या डिकीत सापडते तशी. सत्तरीच्या असाव्यात. डोक्यावर उन्हाची रुंद टोपी. त्यांच्याबरोबर येणारं माणूस बहुधा त्या संध्याकाळी आलं नव्हतं, म्हणून दुसरी खुर्ची रिकामी होती. त्यांनी आधी आईकडे पाहिलं, मग खुर्चीकडे, आणि तळवा आईपुढे असा काही केला की त्याला भाषा लागली नाही. आईनं पदर कमरेशी घट्ट केला, एक हात जमिनीला टेकवला आणि उठायला सुरुवात केली. तेवढ्यात मी म्हणाले, "नो, नो, थँक यू, वी आर फाइन." बाई हसल्या. "शुअर?" म्हणाल्या. मी पुन्हा मान डोलावली. आईचा टेकवलेला हात क्षणभर तसाच जमिनीवर राहिला. मग तिनं तो मांडीवर घेतला आणि तळव्याला चिकटलेलं गवत हळूहळू झाडलं.

पुढे अर्ध्या तासानं आई म्हणाली, "चल, निघू या का?" आणि आम्ही निघालो. मंचावर तेव्हा कुठे रंग भरत होता.

या गोष्टीला आता काही वर्षं झाली. पण दर उन्हाळ्यात विद्यापीठाच्या त्या हिरवळीवर मांडव उभा राहायला लागला, लोखंडी नळ्या एकमेकींत बसवल्याचा आवाज यायला लागला, की मला तो गवत झाडणारा हात आठवतो.

ॲन आर्बरला, अमेरिकेतल्या मिशिगन राज्यातल्या या विद्यापीठाच्या गावात, उन्हाळा म्हणजे काय, हे ज्यानं इथला जानेवारी काढलाय त्यालाच कळतं. साडेपाच-पावणेसहाला अंधार, पायाखाली करकरणारा बर्फ, श्वास घेतला की नाकाच्या आत टोचणारी थंडी. या गावाची वस्ती सव्वा लाखाच्या आसपास, आणि विद्यापीठ एवढं मोठं की गाव कुठे संपतं नि विद्यापीठ कुठे सुरू होतं ते सांगता येत नाही. मेच्या सुरुवातीला पदवीदान होतं, मुलं गाद्या नि दिवे रस्त्याच्या कडेला सोडून निघून जातात, आणि दोन-तीन आठवडे सगळं गाव कसं लग्नघरातली मंडळी पांगल्यावर होतं तसं होऊन बसतं. मग जूनच्या मध्यावर दिवस एवढा लांबतो की रात्री सव्वानऊपर्यंत सूर्य मावळत नाही. त्या उजेडाचं काय करायचं ते पहिल्या वर्षी मला समजलंच नव्हतं. संध्याकाळचे सात वाजलेत आणि ऊन अजून दुपारचं आहे, जेवायची वेळ झालीय पण भूक लागत नाही, घरी जाववत नाही. एवढा मोठा दिवस एकट्या माणसाच्या अंगावर येतो.

त्या पहिल्या उन्हाळ्यात, लॅबमधून परतताना, बर्टन टॉवर या घंटांच्या मनोऱ्यापलीकडच्या इंगल्स मॉलवर, म्हणजे दुकानांच्या मॉलवर नव्हे तर एका लांब हिरवळीवर, मला मांडव दिसला. माणसं चटया पसरून बसलेली, लहान मुलं कारंज्यात उतरलेली, कुणीतरी गिटार जुळवत होतं. मी वळसा घालून ग्रंथालयाच्या बाजूनं गेले. तिकीट असणार, असं धरून चालले होते. पुढची दोन वर्षंही तसंच. इथे प्रत्येक दार ओळखपत्र दाखवलं की उघडतं, ओळखपत्र विसरलं की मित्राला फोन करून खाली बोलवावं लागतं, अशा जागी सहा-सहा महिने काढलेल्या माणसाला दारच नसलेली जागा ओळखता येत नाही. तिसऱ्या उन्हाळ्यात लॅबमधल्या एका मुलीनं हाताला धरून नेलं, तेव्हा कळलं की आत जायला फाटक नाही, कारण ‘आत’ असं काही नाहीच. पदपथ संपतो आणि गवत सुरू होतं. मी गवताच्या कडेला उभी राहून, आपल्याला कुणी काही विचारतंय का, याची थोडा वेळ वाट पाहिली होती, हे मला स्वच्छ आठवतं.

या महोत्सवाला इथे सगळे ‘टॉप ऑफ द पार्क’ म्हणतात. पार्क म्हणजे बाग असेल अशी माझी बरीच वर्षं समजूत. ती बाग नव्हेच. 1984 मध्ये विद्यापीठ आणि गाव यांनी मिळून उन्हाळी महोत्सव सुरू केला, तेव्हा फुकट कार्यक्रम व्हायचे ते पॉवर सेंटर नाट्यगृहाशेजारच्या बहुमजली वाहनतळाच्या गच्चीवर. पार्किंगची गच्ची, म्हणून टॉप ऑफ द पार्क. पुढे सगळं खाली हिरवळीवर आलं, नाव मात्र गच्चीवरचंच राहिलं. त्या गच्चीवरच्या दिवसांविषयी जुनी माणसं बोलायला लागली की त्यांचा आवाज बदलतो. दिवसभर तापलेलं काँक्रीट, त्यावर अंथरलेल्या सतरंज्या, खाली झाडांचे शेंडे आणि समोर उघडा पश्चिमेचा आकाशाचा पट्टा. मला तो काळ लाभला नाही. पण गाड्या ठेवायच्या जागेवर माणसं बसवावीत, हे ज्याला सुचलं असेल त्याच्याविषयी मला न भेटताच जिव्हाळा वाटतो.

आई आली ती मेच्या शेवटी. बाबा गेल्याला दोन वर्षं झाली होती, आणि ती पहिल्यांदाच एकटीनं एवढा प्रवास करून आली होती. मी दिवसभर लॅबमध्ये. ती घरी. खिडकीतून दिसणाऱ्या खारींची तिला सवय झाली, समोरच्या घरातला कुत्रा केव्हा बाहेर येतो तेही पाठ झालं, पण चार भिंतींचा दिवस तो किती पुरणार. म्हणून मी ठरवलं, संध्याकाळी तिला विद्यापीठात न्यायचं. तिला मी जिथे काम करते ती जागा बघायची होतीच. खरं तर मलाही तिला ती दाखवायची होती, कारण आठवड्यातल्या फोनवर मी ज्या गावाबद्दल बोलायचे ते गाव हिवाळ्यातलं होतं, काळोखाचं आणि कामाचं. तिनं काळजी करायचं थांबवावं म्हणून मला तिला ऊन दाखवायचं होतं.

आधी गेलो आर्बमध्ये. निकोल्स आर्बोरेटम हे पूर्ण नाव इथे कुणाच्या तोंडी नसतं. विद्यापीठाचं हे 123 एकरांचं रान 1907 पासून आहे, एका अंगाला ह्युरॉन नदी वळण घेत जाते आणि नदीला चिकटून रेल्वेचे रूळ. वरच्या फाटकाशी पिओनी फुलांचं उद्यान आहे. अपजॉन नावाच्या औषधांच्या कारखानदारानं आपल्याकडची पिओनीची रोपं विद्यापीठाला दिली आणि 1927 मध्ये ही बाग लोकांसाठी खुली झाली. बहर वर्षातून जेमतेम दोन-तीन आठवडे, पण भरात असताना एकाच वेळी 10,000 पर्यंत फुलं असतात. आई वाफ्यांच्या मधून चालत होती. फुलं एवढी जड की देठ वाकून काही मातीला टेकलेली. तिनं एका वाकलेल्या फुलाखाली दोन्ही हात धरले, तोडलं नाही, नुसतं उचलून धरलं, जसं तान्ह्याचं डोकं धरतात. "याला आधार द्यायला हवा गं," म्हणाली. "एवढ्यांना कोण देणार," मी म्हटलं. ती काही बोलली नाही. पुढच्या फुलाशी पुन्हा थांबली.

जूनमध्ये याच आर्बमध्ये शेक्सपिअरचं नाटक होतं. 2001 पासून होत आलंय. विद्यार्थी आणि गावातली हौशी माणसं मिळून करतात. मंच नाही, पडदा नाही, ध्वनिक्षेपक नाही. एक प्रवेश एका उतारावर होतो, पात्रं पळत पुढच्या मोकळ्या जागेकडे जातात आणि प्रेक्षक आपापल्या चटया काखेत मारून त्यांच्या मागोमाग. पुन्हा बसा, पुन्हा उठा. ऊन झाडांतून तिरपं येतं आणि त्यालाच प्रकाशयोजना म्हणायचं. मला धाकधूक होती, आईला एक शब्द कळणार नाही, कंटाळेल. शेक्सपिअरचं इंग्रजी मला तरी कुठे धड कळत होतं. पण दुसऱ्याच प्रवेशात ती माझ्या कानाशी आली, "हा खोटं बोलतोय ना?" खरंच तो खोटं बोलत होता. "तुला कसं कळलं?" "त्याच्या पायांकडे बघ. तोंड तिच्याकडे आहे आणि पाय जायच्या वाटेकडे." नंतर मी संवाद सोडून पायच बघत बसले. मधेच खालून आगगाडी गेली, तिचा भोंगा आख्ख्या दरीत घुमला, आणि राजा झालेला मुलगा वाक्याच्या मध्यावर थांबला. गाडी जाईपर्यंत हात वर धरून तसाच उभा राहिला. आई मनापासून हसली. बाबा गेल्यानंतर तिचं तसं हसणं मी पहिल्यांदा ऐकत होते.

नाटक शेवटाकडे आलं असावं, तेवढ्यात पश्चिमेकडून काळं झालं. वीज दिसली की उघड्यावरचा कार्यक्रम थांबवायचा असा इथला शिरस्ता. एका मुलीनं पुढे येऊन सगळ्यांना फाटकाकडे जायला सांगितलं. टपोरे थेंब, पानांवर फटफट आवाज, माणसं चटया डोक्यावर धरून चढावर पळतायत. आई पळू शकत नव्हती, तिचा उजवा गुडघा चढावर कुरकुरायला लागला होता. आम्ही एका मोठ्या ओकखाली थांबलो. विजेत झाडाखाली थांबू नये हे दोघींनाही माहीत होतं, पण पाय पुढे नेईना. अंगावरून पाणी निथळत असताना आई म्हणाली, "माझं हे असंच असतं बघ. मी आजवर एकही कार्यक्रम शेवटपर्यंत पाहिलेला नाही."

मला वाटलं ती अशीच बोलतेय. पण मग, पाऊस ओसरेपर्यंत, तिनं एकेक सांगितलं. लहानपणी गणपतीत चौकात पांढरा पडदा लावून सिनेमा दाखवायचे. पडद्याच्या पुढे पुरुष नि मुलगे, आणि बायकापोरी मागच्या बाजूला. मागून चित्र उलटं दिसायचं. नायक डाव्या हातानं लिहायचा, डाव्या हातानं लढायचा, पाटीवरची अक्षरं वाचताच यायची नाहीत. आणि रीळ बदललं की आजीची हाक यायची, चला आता, झोपायची वेळ झाली. लग्नानंतर थोरली सून. कीर्तन असो, मंडळाचं नाटक असो, गाण्याचा कार्यक्रम असो, ती कडेला बसायची, म्हणजे उठताना कुणाला त्रास नको. मध्यंतराच्या सुमाराला पोळ्यांची वेळ. नंतर मी कडेवर, नंतर माझा भाऊ, दोघंही रडकी. घरी परत आलेली मंडळी जेवताना शेवटाची चर्चा करायची आणि आई वाढत असायची. "मला सगळ्यांच्या तोंडून सगळे शेवट माहीत आहेत," म्हणाली. तक्रार नव्हती तिच्या बोलण्यात. ओल्या पदरानं चष्मा पुसत होती.

बाबा कॉलेजच्या दिवसांत पुण्याला वसंत व्याख्यानमालेला नेमानं जायचे. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 मध्ये सुरू केलेली ती व्याख्यानं, वैशाखातल्या संध्याकाळी भरणारी. बाबांनी आम्हांला तिथल्या वक्त्यांच्या लकबी करून दाखवलेल्या आहेत. आई तिथे कधीही गेली नाही, पण त्या लकबी तिलाही येतात. इकडे आल्यावर मी वाचलं, की 1874 मध्ये, म्हणजे अवघं एक वर्ष आधी, न्यूयॉर्क राज्यात शटॉक्वा तळ्याच्या काठी रविवारच्या शाळांतल्या शिक्षकांचं एक उन्हाळी शिबिर भरलं, आणि त्यातूनच पुढे व्याख्यानं, संगीत, नाटक यांच्या उन्हाळी जत्रांची रीत देशभर पसरली. तिथे शिकवणारे विल्यम रेनी हार्पर पुढे शिकागो विद्यापीठाचे पहिले अध्यक्ष झाले. 1892 मध्ये ते विद्यापीठ उघडलं तेव्हा त्यांनी वर्षाचे चार भाग केले आणि उन्हाळ्याला बाकीच्या तिघांच्या बरोबरीनं बसवलं. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध नाही. तरी पृथ्वीच्या दोन टोकांना, एका वर्षाच्या अंतरानं, कुणाला तरी वाटलं की शाळा-कॉलेजं मिटलेली असताना, हवा गरम असताना, संध्याकाळी माणसांना एकत्र बसवून काहीतरी ऐकवावं, हे मला फार जवळचं वाटतं. ते ऐकायला कोण येऊ शकत होतं आणि कुणाला पोळ्यांसाठी उठावं लागत होतं, हा प्रश्न मात्र त्या ओकखाली उभी राहीपर्यंत मला कधी पडला नव्हता.

म्हणजे हे सगळं मला माहीत होतं. माहीत असून मी खुर्चीला नको म्हटलं.

ती संध्याकाळ जूनच्या अखेरची. आम्ही वाटेत ‘क्यूब’पाशी थांबलो होतो. टोनी रोझेंथल यांनी 1968 मध्ये केलेला हा काळा पोलादी घन एका टोकावर उभा आहे आणि धक्का दिला की स्वतःभोवती फिरतो. आईला सांगितलं तर तिला खरं वाटेना. चौकात कुणी बघत नाही याची खात्री करून घेऊन तिनं दोन्ही हात लावले, जात्याला लावावेत तसे, आणि अंगाचा भार टाकला. घन हलला. आधी कळेल न कळेल असा, मग सावकाश, कुरकुर न करता, एवढं ओझं फिरायला लागलं. आई त्याच्याबरोबर एक फेरी चालली. "एवढं मोठं, आणि हात लावू देतात," म्हणाली. मी त्या चौकातून शेकडो वेळा गेले असेन. मी त्याला हात लावला तो पदवी मिळाल्यावर फोटोसाठी.

मग इंगल्स मॉल. मधोमध कार्ल मिलेस या स्वीडिश शिल्पकाराचं कारंजं, समुद्रदेव ट्रायटन आणि पाण्यात खेळणारी त्याची मुलं. नव्या विद्यार्थ्यांनी पहिल्यांदा या पाण्यातून ग्रंथालयाच्या दिशेनं चालत जायचं आणि पदवी मिळाल्यावर उलट दिशेनं यायचं, अशी इथली रीत. उन्हाळ्यात रीतबीत कुणी बघत नाही, गावातली सगळी चिल्लीपिल्ली आत असतात. कपडे भिजलेली, दात वाजणारी, तरी बाहेर न येणारी. कांस्याची मुलं कुठली आणि खरी कुठली हे लांबून कळत नव्हतं. सनस्क्रीनचा वास, तुडवलेल्या गवताचा वास, कुठूनतरी भाजलेल्या मक्याचा वास. आम्ही चटई अंथरली. मंचावर पितळी वाद्यांचा एक ताफा होता. आईचे पाय मांडी घालून दुखायला लागले की ती ते एका बाजूला घ्यायची, मग दुसऱ्या. शेजारच्या बाईंनी ते पाहिलं. मी शेजारी बसून पाहिलं नाही, त्यांनी पाहिलं.

मी का नको म्हणाले याचा मी पुष्कळ विचार केला आहे. या देशात मी पहिली नीट शिकलेली गोष्ट म्हणजे ‘आय ॲम फाइन’. सामान उचलू का, गाडीतून सोडू का, काही हवंय का, सगळ्याला एकच उत्तर. कुणाचं घेतलं की फेडावं लागतं, आणि कसं फेडायचं ते इथल्या रीतीत मला ठाऊक नव्हतं. घेतलंच नाही की प्रश्न मिटतो. दहा वर्षं मी याला स्वावलंबन म्हणत आले. त्या संध्याकाळी ते उत्तर सवयीनं तोंडातून गेलं, आणि ते एकटीचं राहिलं नाही. मी ‘वी’ म्हणाले. ‘आम्ही’ म्हणाले. ज्या बाईच्या वतीनं आयुष्यभर दुसऱ्यांनीच ठरवलं, केव्हा बसायचं नि केव्हा उठायचं, तिच्या वतीनं त्या दिवशी मी ठरवलं, तेही तिला कळत नसलेल्या भाषेत.

अंधार पडायला दहा वाजतात. मग मोठ्या पडद्यावर सिनेमा सुरू होतो. त्यासाठीच मी तिला आणलं होतं, पडद्याच्या पुढच्या बाजूनं, सगळ्यांत मधे बसून, सुलट. पण आम्ही साडेआठलाच निघालो. परतताना झुडपांजवळ काजवे लुकलुकायला लागले होते. आई थांबून थांबून बघत होती, आणि मला वाटत होतं ती गुडघ्यासाठी थांबतेय.

दोन-तीन आठवडे मी काही बोलले नाही. महोत्सव संपला. जुलैत कलाजत्रा आली. 1960 पासून भरणारी ही जत्रा, विद्यापीठाला लागून असलेले रस्ते बंद करून पांढरे तंबू लागतात, आणि कुंभार, विणकर, काचकाम करणारे सगळे उन्हात घाम पुसत बसतात. आईनं एका कुंभाराच्या वाडग्याला टिचकी मारून आवाज ऐकला. तो कुंभार खुश झाला, त्यानं आणखी दोन वाडगी पुढे केली, हे पण ऐका म्हणून. मी गप्प उभी राहिले. मुद्दाम गप्प राहिले. दोघं मिळून पाचेक मिनिटं टिचक्या मारत होते. एका वाडग्यापाशी आईनं मान हलवली, त्यानंही हलवली, आणि ते त्यानं मागे ठेवून दिलं.

त्या रात्री भाजी निवडताना मी विषय काढला. म्हटलं, आई, त्या दिवशी त्या बाईंची खुर्ची मी घेऊ दिली नाही, ते माझं चुकलं.

"कुठली खुर्ची?"

मी सांगितलं. तिला आठवायला वेळ लागला. "हां, त्या टोपीवाल्या. छान होत्या." शेंगेची शीर ओढून काढली. "अगं, त्याचं काय एवढं."

"गुडघा दुखत होता तुझा. म्हणून आपल्याला उठावं लागलं. सिनेमा राहिला तुझा."

"गुडघा रोजच दुखतो." मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "मी उठले ते तुझ्यासाठी. तू दोनदा घड्याळात बघितलंस. सकाळी सातला लॅबमध्ये जायचंय म्हणाली होतीस. म्हटलं, पोरीची झोप होणार नाही."

मी घड्याळात बघितलं होतं ते सिनेमा केव्हा सुरू होतो म्हणून.

मला हसावं की काय ते कळेना. मधे शेंगांचं ताट होतं. ती शिरा काढत होती, मी शेंगा मोडत होते. खिडकीबाहेर अजून उजेड होता. मी तिच्या वतीनं खुर्ची नाकारली, तिनं माझ्या वतीनं सिनेमा, आणि दोघींनीही एकमेकींना विचारलं नाही. बाबा असताना ते दोघं असंच करायचे. याला चहा नको असेल म्हणून तिनं टाकला नाही, तिला नको असेल म्हणून यानं मागितला नाही, आणि दोघं बिनचहाचे. तेव्हा मला त्याचा राग यायचा.

जुलै-ऑगस्टमध्ये सोमवारी संध्याकाळी सातला बर्टन टॉवरवर कॅरिलनचं, म्हणजे सुरात लावलेल्या घंटांच्या वाद्याचं, वादन असतं. हा मनोरा 1936 मधला, आर्किटेक्ट अल्बर्ट कान, नाव विद्यापीठाचे अकाली वारलेले अध्यक्ष मॅरियन बर्टन यांचं. वरच्या घंटा चार्ल्स बेअर्ड यांनी दिलेल्या, इंग्लंडमधल्या लफबरोच्या टेलर कारखान्यात ओतलेल्या. सगळ्यांत मोठी 12 टनांची आहे. एरवी मनोरा तास सांगतो आणि आम्ही उशीर झाला म्हणून पावलं उचलतो, एवढाच त्याच्याशी संबंध. एका वर्षी मी वर जाऊन वादकाला वाजवताना पाहिलं होतं. लाकडी दांड्यांच्या दोन ओळी, त्यांवर तो मुठी मारतो, पायांनी खालचे दांडे दाबतो. पेटीवर बोटं फिरावीत तसं नाजूक काही नाही, कणीक तिंबावी तसं सगळं अंग हलतं. दांडीला तार, तारेला लोलक, लोलक घंटेवर. घंटा स्वतः हलत नाही. आणि खाली जे पोचतं ते पाण्यासारखं असतं.

आईच्या परतीच्या विमानाला चार दिवस राहिले होते. मी एक घडीची खुर्ची विकत आणली होती, निळीच मिळाली. हिरवळीवर मोजकी वीस-पंचवीस माणसं, मांडव केव्हाच निघालेला, गवतावर तो होता तिथे फिकट चौकोन. मी खुर्ची उघडून ठेवली. आई तिच्याकडे बघत राहिली. "एकच कशाला आणलीस?" मी म्हटलं, मला खालीच बरं वाटतं. "खरंच?" तिनं विचारलं. मी विचार केला आणि म्हटलं, हो, खरंच. मग ती बसली. दोन्ही हात खुर्चीच्या हातांवर, पाठ टेकून, मान वर.

सूर वरून यायला लागले. मंचावरच्या गाण्याला तोंड असतं, आपण तिकडे बघतो. इथे बघायला काही नसतं. वाजवणारा दिसत नाही, घंटा दिसत नाहीत. बारीक घंटा कानाशी, मोठ्या पोटात. एक सूर विरायच्या आत दुसरा त्यात मिसळतो आणि हवेत काहीतरी तरंगत राहतं, जे आता वाजवलेलंही नाही आणि जुनंही नाही. एक खार मधेच थांबून पुन्हा पळाली. कारंज्यात एकच मुलगी होती, ती पाण्यात हात सोडून वर बघत होती. आईनं डोळे मिटले होते, झोप लागली असेल असं वाटलं, पण उजव्या हाताचं बोट खुर्चीच्या हातावर हळूच वाजत होतं. मी त्या तासाभरात घड्याळ पाहिलं नाही. ते मी घरीच ठेवलं होतं.

शेवटचा सूर केव्हा झाला ते नक्की सांगता येणार नाही. मोठ्या घंटेचा गुंजारव बराच वेळ राहिला. माणसं एकमेकांकडे बघायला लागली. मग कुणीतरी टाळ्या वाजवल्या, आणि सगळ्यांनी मनोऱ्याकडे तोंड करून वाजवल्या. वरपर्यंत ऐकू जातात की नाही देव जाणे. आईनंही वाजवल्या, हात डोक्याच्या वर नेऊन. लोक चटया झटकायला लागले, खुर्च्या मिटल्याचे खटखट आवाज आले. मी उठून चपला शोधत होते.

"संपलं?" आईनं विचारलं.

"संपलं."

"सगळं?"

"हो, सगळं."

तिनं मनोऱ्याकडे एकदा बघून घेतलं. मघाच्या सुरांपैकी काही उरलंय का ते ऐकत असावी.

"मग बसू या जरा," ती म्हणाली.